सिनेमा संपला, पण त्या माणसाचं पुढे काय झालं?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी गाळली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

मागच्या एका भागात बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो होतो की, हल्ली मला गोष्टीचे सिनेमे फारसे बघवत नाहीत, मी बहुतेक माहितीपटच बघतो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, का हो? काहींनी यादी मागितली. एकानं तर "वय झालं तुमचं" असं निदानही करून टाकलं. निदान अगदीच चुकलेलं नसेल. पण या 'का'चं उत्तर द्यायचं तर थोडं घरचं सांगावं लागेल आणि थोडा इतिहास, आणि ते दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. यादीही येईल, पण ओघात. वही-पेन घेऊन बसू नका.

माझा जन्म १९७१चा, लालबागच्या चाळीतला. बाबा गिरणीत साचेखात्यात. साचा म्हणजे माग, आणि तो चालवणारा तो साचेवाला. बाबांकडे दोन साचे होते.

आमच्या लहानपणी 'डॉक्युमेंट्री' या शब्दाचा अर्थ एवढाच होता की, थिएटरात पोचायला उशीर झाला तरी चालेल. खेळ साडेसहाचा असला तरी आधी सरकारी रीळ चालायचं. पडद्यावर फिल्म्स डिव्हिजनची पाटी यायची आणि मग खर्जातला एक आवाज धरणाबद्दल, कुटुंबनियोजनाबद्दल नाहीतर भाताच्या नव्या वाणाबद्दल सांगायला लागायचा. तेवढ्यात लोक शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन यायचे, जागेवरून भांडून घ्यायचे. हे रीळ दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं, परवान्याची अटच तशी होती, आणि वर त्याचं भाडंही थिएटरवाल्यालाच भरावं लागायचं. म्हणजे दाखवणाराही नाखूश आणि बघणाराही. मी तरी त्यातलं एकही रीळ धड पाहिलेलं मला आठवत नाही. तीस वर्षांनी हीच रिळं मी रात्र-रात्र जागून शोधणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो सगळा इतिहास आज सांगत बसत नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं तर, बाबा पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. काही महिने गावी, रत्नागिरीकडे, राहिले. मग परत येऊन एका इमारतीत रखवालदारी धरली. साच्यांच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. पूर्ण नाही, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्यांना बोलणं लागायचं नाही. गिरणीबद्दल ते घरात कधी बोलायचे नाहीत. आणि मी गिरणी पाहिली ती गेटपर्यंत, डबा द्यायला जायचो तेवढीच. आत काय असतं, मला माहीत नव्हतं.

२०१० साली महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' आला. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरचा. मी बाबांना मुद्दाम भारतमाताला घेऊन गेलो. म्हटलं, अहो, आपल्यावर सिनेमा आलाय. सिनेमा काही वाईट नाही, त्यातलं घर, त्यातली आई, हे लागणारं आहे. पण बाबा शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा वाटला? तर म्हणाले, "बरा आहे." थोडं चालल्यावर म्हणाले, "गिरणी दिसली कुठे यात? सगळी पोरं गुंडच दाखवलीत." मग घरापर्यंत काही नाही.

पुढच्याच वर्षी परळच्या एका लहान सभागृहात, शंभरेक खुर्च्या असतील, आनंद पटवर्धनांचा 'ऑक्युपेशन: मिल वर्कर' दाखवणार होते. १९९६चा माहितीपट, जेमतेम बावीस मिनिटांचा. न्यू ग्रेट ईस्टर्न मिलला चार वर्षं टाळं होतं. शेवटी कामगार स्वतःच आत घुसले आणि त्यांनी गिरणीचा ताबा घेतला, त्याची ही गोष्ट. चुकलो, गोष्ट नाही. ते घडलं तेव्हा तिथे कॅमेरा होता. मी बाबांना नेलं ते फारशा आशेनं नव्हे. ते घरी एकटेच होते म्हणून.

पडद्यावर गेटसमोरची माणसं दिसली आणि बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. ती त्यांची गिरणी नव्हती. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. तरी मला कोपरानं ढोसून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात सांगायला लागले, "हा बघ, हा बदलीवाला असणार." "हा जॉबर होता, उभा कसा राहतो बघ." मागच्या रांगेतल्या बाई चिडल्या. बावीस मिनिटं संपली तरी हे बोलतच होते.

रात्री जेवताना त्यांनी ताट जरा बाजूला सारलं आणि दोन्ही हात वर केले. एक खूण करून म्हणाले, "हे म्हणजे जॉबर आला." दुसरी खूण, "कांडी संपली." तिसरी, "मी पाणी पिऊन येतो, तू माझे साचे बघ." साचे चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून खात्यात सगळा कारभार खुणांवर आणि ओठांवर चालायचा. ही अख्खी भाषा त्यांच्या हातात तीस वर्षं पडून होती. मला माहीत नव्हती. आईला माहीत नव्हती, आणि तिचं तर त्यांच्याशी लग्न होऊन तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती.

मी त्यानंतर बराच विचार केला की हे 'लालबाग परळ' बघून का झालं नाही. माझी समजूत अशी झाली आहे की, गोष्ट दिग्दर्शकाच्या मालकीची असते. तिला बाबा काय सांगणार, असं नसतं, तसं असतं? सांगून उपयोग काय, ती त्याची गोष्ट आहे. पण ही खरी माणसं दिसल्यावर त्यांना वाटलं की, इथे आपल्याला बोलायचा हक्क आहे. इथे आपल्याला जास्त कळतं.

तर तिथून मी माहितीपट बघायला लागलो, आणि माझ्या सवयीप्रमाणे त्यांचा इतिहास उकरायला लागलो.

आपण भारतीय सिनेमाचा जन्म ३ मे १९१३ला, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला त्या दिवशी धरतो. गोष्टीच्या सिनेमापुरतं ठीक. पण कॅमेरा आपल्याकडे त्याआधी चौदा वर्षं चालू होता. ७ जुलै १८९६ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तिकीट एक रुपया. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी ही जादू पाहिली. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला परत इंग्लंडला पाठवावी लागली. पुढे १९०१च्या डिसेंबरात केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबईला परतले, त्यांचं स्वागत सावेदादांनी टिपलं. म्हणजे आपल्या सिनेमाचे पहिले नायक कोण, तर पैलवान आणि गणिताचा प्राध्यापक. ही माझी फार आवडती गोष्ट आहे. त्या फिती मात्र आज आपल्याला बघायला मिळत नाहीत.

आणि स्वतः फाळके? त्यांना भांडवल हवं होतं. लोकांना पटवायचं कसं? तर त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोज त्याचं थोडं थोडं चित्रण करत गेले, आणि दाण्याचं रोप होताना मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर दाखवलं. ते पाहून पैसे उभे राहिले आणि मग 'राजा हरिश्चंद्र' झाला. हरिश्चंद्राचं राज्य त्या वाटाण्यावर उभं आहे असं मी म्हणतो, तुम्ही अतिशयोक्ती म्हणा.

'डॉक्युमेंटरी' हा शब्द नंतरचा. जॉन ग्रिअर्सननं १९२६ साली रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या 'मोआना'बद्दल लिहिताना तो वापरला. आपल्याकडे जुन्या मासिकांत 'अनुबोधपट' असा शब्द सापडतो. वाचतानाच झोप यावी असा तो शब्द आहे, आणि 'माहितीपट'ही काही फार बरा नाही. माहिती हवी असेल तर रेल्वेचं वेळापत्रक आहे की.

आता कुणी म्हणेल, माहितीपट म्हणजे सत्य आणि सिनेमा म्हणजे खोटं, असं तुम्ही म्हणताय. तसं मुळीच नाही. या फ्लॅहर्टीचाच १९२२चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' घ्या. जगातल्या पहिल्या मोठ्या माहितीपटांत त्याचं नाव घेतात. कॅनडाच्या उत्तरेकडचं एक इनुइट कुटुंब, बर्फाचं घर, सीलची शिकार. पण त्या माणसाचं नाव नानूक नव्हतंच, अल्लाकरिअल्लाक होतं. त्यांच्याकडे बंदुका असताना त्यांना भाल्यानं शिकार करायला लावलं. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून घराची एक बाजू उघडी ठेवली आणि त्या उघड्या घरात कुटुंब झोपल्याचं दाखवलं. हे सगळं कळल्यावर मला राग आला होता. तरी मी तो परत पाहिला. कारण तो माणूस हसतो तेव्हा हसणं त्याचंच आहे. आणि चित्रपट जगभर गाजला, त्यानंतर दोनेक वर्षांतच तो तिकडे मरण पावला, हे कळल्यावर ते हसणं निराळं दिसतं.

मला वाटतं मी अडकलो तो इथेच. गोष्टीच्या सिनेमात 'समाप्त' आलं की पुढे काही नसतं. 'दीवार'मधला रवी पुढे निवृत्त झाला का, असा प्रश्न पडत नाही, कारण पुढे तो नाहीच. माहितीपट संपतो आणि ती माणसं उठून घरी जातात. त्यांना उद्या कामावर जायचं असतं. त्यांचं पुढे काय झालं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की मग साधा सिनेमा थोडा फिका वाटतो. निदान मला वाटला.

या प्रश्नासाठी पहिली शिफारस, एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय अॅम ट्वेंटी'. १९६७चा, फिल्म्स डिव्हिजनचा, वीसेक मिनिटांचा. हो, तीच फिल्म्स डिव्हिजन, जिच्या वेळी आम्ही शेंगदाणे आणायला जायचो. १९४८ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था होती, मुंबईत पेडर रोडवर. आठ हजारांवर चित्रपट तिथे तयार झाले. त्यातले असंख्य कंटाळवाणे होते यात वाद नाही. पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे काही वर्षं वारं वेगळंच वाहिलं. १९६७ या एका वर्षात हुसेननी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला, ज्याला बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं. चारी आणि अब्राहम या दोघांनी रस्त्यावरच्या लोकांना लोकशाहीबद्दल विचारत 'फेस टू फेस' केला. आणि शास्त्रींनी स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, वीस वर्षांच्या पोरापोरींना गाठून विचारलं, काय वाटतं तुम्हाला या देशाबद्दल? कुणी भारावून बोलतं, कुणी खांदे उडवतं. सरकारी पैशानं काढलेल्या चित्रपटात एक तरुण सरळ बेफिकिरीनं बोलतोय, हे मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. ती मुलं आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्या सोसायटीत सकाळी फिरायला येणाऱ्या एखाद्या आजोबांचा तो चेहरा असू शकतो. यूट्यूबवर शोधा.

इंग्रजांनी हाच प्रश्न अगदी पद्धतशीर धरला. १९६४ साली ग्रॅनाडा टेलिव्हिजननं वेगवेगळ्या थरांतली सात वर्षांची चौदा मुलं घेऊन 'सेव्हन अप' केला. त्या वेळी मायकेल अॅप्टेड हा त्यात मदतनीस होता. नंतर दर सात वर्षांनी तो त्याच मुलांकडे परत जात राहिला. २०१९ला '६३ अप' आला, आणि २०२१च्या जानेवारीत अॅप्टेड गेला. मी ही सगळी मालिका लागोपाठ पाहिली, ती चूक झाली. एका आठवड्यात माणसं सातची त्रेसष्ट होतात, त्यानं जिवाला फार घोर लागतो. तुम्ही सावकाश बघा.

बरं, ज्याला कुणी विचारत नाही अशा या चित्रप्रकाराला सरकार मात्र कायम घाबरत आलं आहे, ही आपल्या इतिहासातली गंमत. भारतात सिनेमाच्या सेन्सॉरशिपवरचा सर्वांत गाजलेला खटला कुठल्या चित्रपटावरून झाला असेल? कुणाला वाटेल एखाद्या बोल्ड हिंदी सिनेमावरून. तो झाला सोळा मिनिटांच्या माहितीपटावरून. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'अ टेल ऑफ फोर सिटीज', मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली. एकीकडे श्रीमंती, दुसरीकडे ती उभारणारे हात. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती, ती कापा म्हणून सेन्सॉर अडून बसलं. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीतच सरकारनं माघार घेतली आणि त्यांना 'यू' प्रमाणपत्र द्यायची तयारी दाखवली, पण १९७०च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्लांच्या पीठानं पूर्वपरीक्षणाचं तत्त्व वैध ठरवलं. म्हणजे अब्बासांचा चित्रपट सुटला आणि बाकी सगळे अडकले. आजही सेन्सॉरचा वाद आला की वकील या निकालाचा दाखला देतात. सोळा मिनिटं, मंडळी.

आता मुंबईचाच विषय निघालाय तर ज्या दोन चित्रपटांनी मला सर्वांत जास्त हलवलं, ते सांगतो. ते वेगवेगळे दोन आहेत, पण मी ते एकच मानतो.

पहिला आनंद पटवर्धनांचाच 'हमारा शहर', १९८५चा. फूटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांची घरं पाडली जातात, त्याबद्दलचा. त्यात एक बाई आहे. घर उद्ध्वस्त झालेलं, आणि समोर हे कॅमेरा घेऊन आलेले. ती चित्रण करणाऱ्यांनाच झापते, तुम्ही फोटो काढून काय करणार, आमचं काय भलं होणार, अशा अर्थाचं. दिग्दर्शकानं हे कापलं नाही, ठेवलं. माहितीपट करणाऱ्यावर घेता येईल तो सर्वांत मोठा आक्षेप चित्रपटाच्या पोटातच आहे, आणि त्याला उत्तर दिलेलं नाही. मी 'नानूक'वर रागावलो होतो, त्याचा निकाल मला इथे लागल्यासारखा वाटला.

याच चित्रपटात एक शाहीर गातो. विलास घोगरे. आवाज असा की पडदा फाटावा. पुढे ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. चार दिवसांनी विलास घोगऱ्यांनी आत्महत्या केली. ते कळल्यावर पटवर्धनांनी पुन्हा कॅमेरा उचलला आणि चौदा वर्षं चित्रण करत राहिले. त्यातून 'जय भीम कॉम्रेड' झाला, तीन तासांहून मोठा. आंबेडकरी शाहिरी, वस्त्या, खटल्याचं रेंगाळणं, कबीर कला मंचाची पोरं, सगळं त्यात आहे. माझ्या प्रश्नाचं, 'पुढे काय झालं?'चं, इतकं भयंकर उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आधी 'हमारा शहर' बघा, मग हा. क्रम उलटा करू नका, तो गाणारा माणूस आधी तुम्हाला जिवंत भेटला पाहिजे.

आणि मग, हो, गोष्टीचा सिनेमाही बघा. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' हा कथापट आहे, पण 'जय भीम कॉम्रेड' पाहिल्यावर तो दुप्पट कळतो. त्यातला शाहीर नारायण कांबळे काल्पनिक. पण ती भूमिका करणारे वीरा साथीदार खरोखरचे कार्यकर्ते होते, आणि २०२१च्या एप्रिलात कोविडनं गेले. तिथेही माझा तो प्रश्न आलाच. म्हणजे कथापटांवर मी फुली मारलेली नाही. ते बघायची माझी खोड बदलली आहे, एवढंच.

फार जड झालं का? मग मालेगावला चला. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख नावाचा अवलिया हौशी मंडळींना घेऊन सिनेमे काढतो, आधी 'मालेगाव के शोले' आणि आता सुपरमॅन. हिरवं कापड ट्रकच्या बाजूला बांधून सुपरमॅनला उडवतात. भर चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडतो. हसून हसून पुरेवाट होते. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमागावरचा काटकुळा कामगार. हा माहितीपट २०१२ला थिएटरांत लागला तेव्हा शफीक हयात नव्हता, कर्करोगानं गेला होता. हे माहीत असूनही तुम्ही हसता, ही त्या चित्रपटाची ताकद. याच माणसांवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा कथापट केला आहे. दोन्ही पाहून मला काय वाटलं ते सांगत नाही. तुम्ही पाहा आणि मला कळवा.

आणखी काही भराभर सांगतो. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स', शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणारे तंबू सिनेमे, रिळं जाऊन डिजिटल येतानाचे दिवस. ज्यांनी जत्रेत जमिनीवर बसून सिनेमा पाहिलाय त्यांनी चुकवू नये. २०१६ला कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स', विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या मागे पी. साईनाथ हिंडतात, त्याचा. आणि 'साचा'. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा, २००१चा. नारायण सुर्वे यांची कविता, सुधीर पटवर्धनांची चित्रं आणि गिरणगाव. नाव ऐकूनच मी तो बाबांना दाखवला होता. सुर्वेही लहानपणी गिरणीत राबलेले, त्यामुळे बाबांनी त्यांना खात्यातला माणूस मानलं. चित्रांपाशी मात्र म्हणाले, "हा डॉक्टर आहे होय? मग बरोबर. माणूस आतून बघतो."

शेवटचा, शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन'. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांच्यावरचा. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज आपण पाहू शकतो, ते या माणसानं गावोगाव हिंडून जमवले म्हणून. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हजारावर चित्रपट झाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच उरलेत. बाकीची रिळं चांदी काढायला वितळवली गेली, नाहीतर कुजली, जळाली. नायर हे सांगतात तेव्हा रडत नाहीत, नुसतं सांगतात.

तो चित्रपट बघून मी त्याच रात्री उठून बाबांकडे गेलो. म्हणजे दुसऱ्या खोलीत. त्यांचे लग्नातले दोन फोटो सोडले तर तरुणपणचं आमच्याकडे काही नव्हतं. साच्यावर उभे असलेले बाबा कुणीच टिपलेले नाहीत. गिरणीच्या आत फोटो कोण काढणार होतं? संपाच्या मोर्च्यांची जी जी दृश्यं हाती लागली त्यांत मी त्यांचा चेहरा शोधला आहे, गर्दी थांबवून, एकेक डोकं मोठं करून. नाही सापडला.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, बाबा, ते हातांचं परत दाखवा. ते लाजले. आधी दाढी करतो म्हणाले. मग स्वच्छ शर्ट घालून खुर्चीत बसले आणि सगळ्या खुणा एकेक करून दाखवल्या, मध्येच उठून धोटा कसा जातो-येतो ते तोंडानं आवाज काढून दाखवलं. त्यात आईचा आवाज येतो, "अहो, हळू, शेजारी काय म्हणतील." अकरा मिनिटांची फाइल आहे. २०१७ला बाबा गेले.

ऑडिओत या भागाच्या शेवटी त्यातला काही भाग जोडला आहे. इथे लिहून काढायला बसलो होतो, पण खुणा तर ऐकू येत नाहीत, आणि उरलेलं निम्मं नुसतं खटाक-खट, खटाक-खट आहे.